थरथर थांबवायचं मशीन

रिटायर सुभेदार लालासाहेबांनी त्या सकाळी एकाच कामासाठी तीन माणसांना तीन कारणं सांगितली. आईला, म्हणजे राहीबाईंना, ते म्हणाले, "आधार कार्डावरचा फोटो बदलायचाय, मलकापूरला जाऊन येऊ." धाकटा भाऊ आप्पासो उसाला पाणी पाजत होता, त्याला बांधावरूनच ओरडून सांगितलं, "आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेतोय." आणि मलकापुरातल्या फोटोवाल्या वजीरभाईला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं, "मंडळातर्फे आईचा सत्कार हाय, मोठा फोटो पायजे." अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला खोटं बोलायचा सराव नव्हता. नाहीतर एक गोष्ट लपवायला एकच कारण पुरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असतं.

खरं कारण त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

राहीबाई ब्याऐंशीच्या. तब्येतीनं खणखणीत, बोलण्यात त्याहून. फक्त गेल्या सहा-सात वर्षांपासून त्यांची मान हलायची. डावीकडून उजवीकडं, बारीक, सतत; जणू कुणी काहीतरी विचारतंय आणि त्या नाही म्हणतायत. कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, वयाचं दुखणं आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नसला तरी व्यवहाराला होता. नव्या कंडक्टरनं "आजी, मलकापूर का?" असं विचारलं की तो मान बघून पुढच्या प्रवाशाकडं वळायचा. लग्नात वाढपी जिलेबी घेऊन समोर यायचा, मान बघायचा आणि सरकायचा. मग राहीबाई अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या आईबापाची चौकशी करायच्या. घरातल्यांना मात्र या मानेची इतकी सवय झाली होती की ती कुणाला दिसतच नव्हती.

फोटोत ती दिसायची. नातीच्या लग्नाच्या अल्बममध्ये राहीबाईंचा जरीचा पदर, गळ्यातली बोरमाळ, मांडीवरचे हात, सगळं स्वच्छ आलं होतं. पदराच्या वर नुसतं धुकं. फ्लॅश मारला की मान थांबल्यासारखी दिसायची, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून झगझगीत उजेड पडला की त्या डोळे घट्ट मिटायच्या. म्हणजे एक तर धुकं, नाहीतर झोप.

म्हणूनच वजीरभाईनं नवी लेन्स आणल्याचं कळलं तेव्हा लालासाहेबांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली.

वजीरभाईचा स्टुडिओ ढेबेवाडी रस्त्याला होता. पाटीवर फोटोच्या खाली झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि त्याच्याही खाली 'सात-बारा व आठ-अ चे उतारे मिळतील' असं लिहिलेलं. लेन्स त्यानं बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी घेतली होती. शर्यतीत जवळ उभं राहिलं तर बैल अंगावर येतात आणि लांब उभं राहिलं तर फोटोत धूळच येते, म्हणून सांगलीला जाऊन एका दातांच्या डॉक्टरकडून त्यानं ती जुनी लेन्स आणली. डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी पक्षी टिपायचा नाद. त्यांनी वजीरला नीट समजावलं होतं, "हिच्यात इमेज स्टॅबिलायझेशन आहे. तुमचा हात कितीही थरथरला तरी ही थरथर खाऊन टाकते. शटर अगदी सावकाश, तीसला ठेवा, बिनधास्त." वजीरनं सगळं मन लावून ऐकलं. पण सांगली ते मलकापूर रस्ता लांबचा. 'थरथर' त्याच्या डोक्यात राहिली, 'तुमचा हात' मात्र पलूस-ताकारीच्या आसपास कुठंतरी गळून पडला.

"सुभेदारसाहेब, आता चिंता सोडा," राहीबाईंना खुर्चीवर बसवता बसवता तो म्हणाला. "हिच्यात थरथर थांबवायचं मशीन हाय. आज्जी हलूद्यात न्हाईतर नाचूद्यात."

"खटका कुठला चालू करायचा?"

"ह्यो बघा." वजीरनं लेन्सच्या अंगावरचा एक खटका दाखवला. तो तीन जागी थांबायचा. शेजारची अक्षरं डॉक्टरांच्या बोटांनी घासून गेली होती. "वर, मधी आन खाली. तिन्ही बघू. एक तर चालू असंलच की."

नवऱ्याच्या माघारी पेटीतच पडून असलेलं हिरवं इरकल आणि नथ मुलाच्या हट्टापायी बाहेर काढून, राहीबाई नटून बसल्या होत्या. मागच्या पडद्यावर निळं तळं आणि दोन हंस. वजीरनं नळकांड्यासारखी ती लेन्स उचलली, डोळ्याला लावली आणि खाली घेतली.

"काय झालं?"

"इतक्या जवळनं ही बघतच न्हाई. मागं सरावं लागंल."

तो मागं सरला तर पाठ झेरॉक्सच्या मशीनला टेकली. मग तो दारात गेला, दारातनं पायरीवर, पायरीवरनं रस्त्याच्या कडेला. तिथनं दिसायला लागलं, पण सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की झूम पुरा ताणला की मशीनची खरी करामत कळते. करामत बघायची म्हणून वजीर रस्ता ओलांडून पलीकडं गेला. तिथं धुळाचं पंक्चरचं दुकान होतं. धुळानं त्याला टायरांच्या मधोमध उभं राहायला जागा करून दिली. तिथनं वजीरनं लालासाहेबांना फोन लावला.

"दिसतंय बघा! आज्जींच्या नथीतलं मोती मोजून घ्यावं इतकं दिसतंय. आता त्यास्नी सांगा, तोंड मिटायचं, अजिबात बोलायचं न्हाई."

लालासाहेबांनी फोन कानाला तसाच ठेवून आईला फर्मावलं, "आई, सावधान. हुकूम मिळेपर्यंत बोलायचं न्हाई."

राहीबाईंनी मुलाकडं एकदा बघितलं आणि ओठ असे मिटले की नथही हलायची थांबली. मान हलतच होती.

वजीरनं बटण दाबलं. लेन्सच्या आत काहीतरी घरघरलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो आला तो त्यानं ऊन चुकवून बघितला. हंसांचं पीस न पीस आलं होतं. इरकलाचा काठ, खुर्चीचा खिळा, सगळं जागच्या जागी. चेहऱ्याच्या जागी कुणीतरी ओल्या पाटीवरनं हात फिरवला होता.

"खटका चुकला," वजीर फोनवर म्हणाला, आणि खटका मधी घेतला. दुसऱ्या फोटोत चेहरा आलाच नाही, कारण मधे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावत ट्रॅक्टर आला. तिसऱ्यात मधे येऊन थांबलेल्या एस.टी.च्या खिडकीतला एक गृहस्थ लेन्सकडं बघून हसत होता, आणि तो फार चांगला आला होता. चौथ्यात पुन्हा हंस.

आता वजीर खरोखर गोंधळला. मशीन वाईट म्हणावं तर हंस कसे आले? चांगलं म्हणावं तर आज्जी का गेल्या? त्यानं खटका खाली केला, वर केला, मधी केला. वर म्हणजे चालू असं धरलं तर मघाशी चालूच होतं. खाली म्हणजे चालू धरलं तर आता बंद होतं. त्यानं धुळाला विचारलं, "हे घरघरतंय, ते चालू हाय म्हणून घरघरतंय का बिघडलंय म्हणून?"

धुळा म्हणाला, "माज्या कंप्रेसरचं बी मला कळत न्हाई."

"उजेड कमी पडतोय," वजीरनं फोनवर नवीन कारण काढलं. "सुभेदारसाहेब, झेरॉक्सवरचा एक कोरा कागद घ्या आन आज्जींच्या तोंडाफुडं खालनं धरा. चेहऱ्यावर उजेड पडंल. आन जमलं तर मागनं मान धरा हळूच, फोटोत हात येऊ देऊ नका."

लालासाहेब खुर्चीच्या मागं उकिडवे बसले. डाव्या हातानं त्यांनी आईच्या अंबाड्याला आधार दिला, आणि उजव्या हातानं पुढं, हनुवटीखाली, कोरा कागद धरला. कागद थरथरू लागला. "एकदाच, आई," ते मागनं म्हणत होते, "एकदा झालं की झालं."

पलीकडं चहा आला होता. वजीरनं झूम आज्जींच्या तोंडावर आणखी ताणला, कॅमेरा स्टँडवर बसवला आणि धुळाला म्हणाला, "जरा बघ रं, डोळा लाव. मला ट्रॅक्टर सोडून काय दिसंना झालंय."

धुळानं डोळा लावला. या लेन्सचं असं असतं, की ती लांबचं जवळ आणते, पण आजूबाजूचं सगळं बाहेर ठेवते. खुर्ची, पडदा, हंस, यातलं धुळाला काही दिसलं नाही. त्याला दिसली एक म्हातारी. ओठ घट्ट मिटलेले. मान सारखी नाही-नाही म्हणणारी. तिचा अंबाडा मागनं कुणीतरी धरलेला, आणि तोंडापुढं एक कोरा कागद. त्यानं डोळा काढून दुकानाकडं नुसत्याच नजरेनं बघितलं, तर त्याला पाटी दिसली : सात-बारा व आठ-अ चे उतारे.

आणि मग अंबाड्यामागनं लालासाहेबांचं डोकं वर आलं. धुळानं ते ओळखलं. आप्पासोच्या ट्रॅक्टरचे टायर वर्षानुवर्षं त्याच्याकडं यायचे. हा त्यांचा थोरला भाऊ.

वजीर कॅमेऱ्याशी झटत असताना धुळा टायरांच्या मागं गेला आणि त्यानं आप्पासोला फोन लावला. "आप्पासो, तुमची आई हितं सात-बाराच्या दुकानात हाय. तुमच्या दादानं म्हातारीचा अंबाडा धरलाय, म्होरं कागद धरलाय, आन म्हातारी लय जीव तोडून न्हाई म्हणतीया."

"मान हलती तिची, धुळा. दुखणं हाय ते," आप्पासो शांतपणे म्हणाला. "काय बोलती का?"

"एक शब्द न्हाई. अर्धा तास झाला, गप बसलीया."

आप्पासोच्या हातातलं खोरं खाली पडलं. "आई गप हाय?"

"चिडीचूप."

"अर्धा तास?"

मान हलण्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. पण आई अर्धा तास गप बसल्याचं त्याच्या उभ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. आणि दादा म्हणाला होता डोळ्याचा डॉक्टर! डोळ्याच्या डॉक्टरकडं अंबाडा कशाला धरतील? समोरून दुधाची गाडी चालली होती, तिला हात करून तो चिखलाच्या पायांनीच आत चढला.

तो मलकापुरात पोचला तोपर्यंत स्टुडिओच्या पायरीवर पंधरा-वीस माणसं जमली होती. धुळानं गोष्ट फक्त दोघांना सांगितली होती. बाकीच्यांना दोघांनी.

"दादा, तो कागद खाली ठेवा!" आप्पासो दारातूनच ओरडला.

लालासाहेब दचकून उभे राहिले. "तू हितं कशाला आलास? पाणी कोण बघतंय?"

"तुमी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्हेणार हुता ना आईला? ह्यो काय डोळ्याचा डॉक्टर हाय?"

"कुठला डॉक्टर?" गर्दीतून वाट काढत आलेला वजीर म्हणाला. "सत्काराचा फोटो काढतोय आमी, मंडळाच्या."

"कुठलं मंडळ? मी मंडळाचा खजिनदार हाय, मला कसं म्हाईत न्हाई?"

"तसं न्हवं," लालासाहेब पुटपुटले, "आधारचा फोटो..."

"आता आधारचा?" आप्पासोनं कपाळाला हात लावला. "ते राहूद्या. मी आईलाच इचारतो." तो खुर्चीपुढं गुडघ्यावर बसला. "आई, दादानं तुज्याकडं अंगठा मागितला का?"

राहीबाई ओठ मिटून त्याच्याकडं बघत राहिल्या. मान हलत होती.

"बघा, न्हाई म्हणतीया!" लालासाहेब म्हणाले.

"मग आई, ह्यो आधारचा फोटो हाय का?"

मान हलली.

"न्हाई म्हणतीया," पायरीवरचा एकजण म्हणाला.

"सत्कार हाय का, आज्जी?" वजीरनं घाबरत विचारलं.

मान हलली.

"सगळ्यालाच न्हाई म्हणतीया की!"

"आवं, ती मान तशीच हलती, दुखणं हाय," आप्पासो गर्दीला समजावू लागला.

"मग मगाच्या अंगठ्याला न्हाई म्हणली, ते खरं का दुखणं?" धुळानं विचारलं. तसं बघितलं तर प्रश्न बरोबर होता.

लुंगी नेसलेले एक पोक्त गृहस्थ पुढं आले. "असं करा, जे खरंच हाय ते इचारा. त्याला बी न्हाई म्हणल्या तर दुखणं." आणि खुर्चीकडं वाकून, "आज्जी, तुमचं नाव राहीबाई का?"

मान हलली.

"झालं! दुखणं हाय."

"का ह्या दुसऱ्याच कोण हायत?" मागनं आवाज आला.

"माजी आई हाय ती!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

"मग इतका वेळ बोलंना का?"

हा प्रश्न आप्पासोनं दादाकडं बघून पुन्हा विचारला. लालासाहेबांना आत्ता आठवलं, की हुकूम त्यांनीच दिला होता आणि मागे घ्यायचा राहून गेला होता. त्यांनी घसा साफ केला. "आई, विश्राम. बोल आता."

राहीबाईंनी नथ हातानं सरळ केली.

"हुकमानं गप बसले न्हवते मी," त्या म्हणाल्या. "रागानं गप हुते. आन मगापास्नं न्हाईच म्हणतिया."

"आई, ते दुखणं..."

"दुखणं येगळं आन न्हाई येगळं! दुखण्याची मान बारीक हलती, माजी मोठी हलती. सात वर्सं झाली, एकानं तरी निरखून बघितलंय का? सकाळी तू म्हणालास मलकापूरला जाऊ, तवा न्हाई म्हणले. नथ घाल म्हणालास, तवा बी न्हाई म्हणले. तुमी सगळी मानेकडं बघताय आन म्हणताय, दुखणं हाय, धरून न्या."

पायरीवरची माणसं वाकून मान निरखू लागली.

"आधारच्या फोटोला कोण इरकल नेसवतं का रं, लाला?" राहीबाईंचा आवाज जरा उतरला. "खरं सांग, कशाला पायजे फोटो?"

लालासाहेबांनी गर्दीकडं बघितलं. गर्दी हलली नाही. त्यांनी कोऱ्या कागदाची घडी घातली, उलगडली.

"आबा गेले तवा आपल्याकडं त्यांचा एकट्याचा एक बी फोटो नव्हता," ते वडिलांबद्दल म्हणाले. "त्यांच्या पलटणीच्या ग्रुप फोटोतनं मोठा करून आणला. त्यात शेजारच्या हवालदाराचा कान आलाय. एकवीस वर्सं झाली आई, आबांना हार घालतो तवा त्या कानाला बी हार जातोय. कुणाचा हाय, कुठल्या गावचा हाय, त्यो मानूस जित्ता हाय का न्हाई, ते बी म्हाईत न्हाई. मला वाटलं, तुज्या बाबतीत तरी... येळेवर..."

 आप्पासो उभा राहिला आणि चिखल वाळलेल्या पायांकडं बघू लागला. पायरीवरचे दोघे-तिघे, आपल्याला काही काम आहे हे आठवल्यासारखे, निघून गेले.

"म्हंजे भितीवर लावायला," राहीबाई म्हणाल्या.

"आई..."

"मी जानार हाय, ते मला म्हाईत हाय. त्यासाटी मलकापूरला यायला नगं. पर फोटो तयार झाला की घरातली मानसं वाट बघाय लागत्यात. शेजारच्या शेवंताबायचा काडला, चवथ्या म्हयन्यात गेली. चांगली वैरणीच्या पेंड्या बांधत हुती."

 तेवढ्यात वजीरची मुलगी नूरीन कॉलेजातून आली. दारात गर्दी, खुर्चीत रुसलेली आज्जी, रडवेले सुभेदार आणि चिखलाचे पाय बघून ती बापाला म्हणाली, "अब्बा, काय केलं तुम्ही?"

"मी काय न्हाई केलं, ह्या लेन्सनं केलं." वजीरनं कॅमेरा तिच्या हातात दिला. "थरथर थांबवती म्हणले, सगळ्याची थांबवली. हंस थांबवले. आज्जींची काय थांबंना."

नूरीननं फोटो एकेक करून मागं नेले. "शटर किती ठेवलंय?"

"तीसला. डॉक्टर म्हणले, तीसला बी चालतंय."

"अब्बा! ही फोटो काढणाऱ्याची थरथर थांबवते. तुमच्या हाताची. समोर बसणाऱ्याची कशी थांबवेल? समोरचं हलतंय तर शटरचा वेग वाढवायचा, उन्हात बसवायचं."

वजीर खटक्याकडं बघत राहिला. "म्हंजे तिन्ही बाजूंनी बरोबरच हुतं?"

"एका बाजूला बंद आहे. पण त्याचा आज्जींशी काही संबंध नाही."

"म्हंजे सकाळपास्नं ती माजीच थरथर थांबवत हुती?" वजीर स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाला. "मी तर थरथरत बी न्हाई."

हे सगळं राहीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "म्हंजे ज्याचं अंग हलतंय, त्यानं फोटो काडायचा व्हय?"

"तसंच समजा, आज्जी."

"मग दे हिकडं."

कुणाला काही कळायच्या आत त्या खुर्चीवरून उठल्या, पायरीजवळ आल्या आणि तिथं दुसरी खुर्ची मागवून बसल्या. लेन्स जड होती, म्हणून नूरीननं पुढं एका खुर्चीची पाठ आडवी लावली आणि त्यावर लेन्स टेकवली. राहीबाईंनी डोळा लावला. मान हलत होती, तिच्याबरोबर कॅमेरा हलत होता, आणि आत, त्या म्हणाल्या, पंक्चरचं दुकान बी भूकंप झाल्यागत हलत होतं.

"हे बटण अर्धं दाबा," नूरीन म्हणाली.

लेन्स घरघरली. 

"आगं! थांबलं की गं!"

रस्त्यापलीकडं धुळाचे टायर, टायरावरची पांढरी अक्षरं, भिंतीला टांगलेली चावी, सगळं निश्चल उभं होतं. त्यांची मान हलत राहिली आणि दुकान काही हललं नाही. त्या बघतच बसल्या. मग डोळा न काढता म्हणाल्या, "लाला, आप्पा, जावा पलीकडं. उन्हात हुबं ऱ्हावा."

"आई, कशाला उगा..."

"लाला, सावधान."

साठी ओलांडलेला सुभेदार आणि पंचावन्नचा शेतकरी रस्ता ओलांडून धुळाच्या दुकानापुढं उभे राहिले. वजीरला फोन धरायला मिळाला. राहीबाई सांगतील ते तो पलीकडं पोचवू लागला. "आप्पाला सांग, पाय दिसू देऊ नगं. लालाला म्हण, कपाळाला आठ्या घालू नगं, भांडाय हुबा ऱ्हायल्यागत दिसतोय. आन ल्वाकास्नी म्हण, बाजूला व्हा." पहिल्या फोटोत ट्रॅक्टर आला. दुसऱ्यात "आई, झालं का?" म्हणून ओरडणाऱ्या लालासाहेबांचं उघडं तोंड आलं. तिसऱ्या वेळी राहीबाईंनी हूं की चूं न करता बटण दाबलं.

नूरीननं फोटो संगणकावर मोठा करून दाखवला तेव्हा वजीर खुर्चीवरून उठला. बावीस वर्षांच्या धंद्यात त्याच्याकडनं असा फोटो निघाला नव्हता. लालासाहेबांच्या मिशीतला एकेक पांढरा केस मोजता येत होता. डोळ्यांत थोडं पाणी होतं, आणि तोंडावर, आई रागावलीय का हसतेय हे न कळलेल्या माणसाचा भाव.

"आप्पाला काप," राहीबाई म्हणाल्या. "लालाचा एकट्याचा कर. मोठा. काच लावून."

"माजा?" लालासाहेब म्हणाले. "माजा कशाला, आई?"

"असूंदे घरात. येळेवर धावपळ नगं."

वजीरनं फोटो छापला, चौकट लावली, काच पुसली. सकाळपासूनच्या गोंधळाची भरपाई म्हणून त्यानं चौकट चांगलीपैकी सोनेरी घेतली. निघताना लालासाहेबांनी एकदाच, हळूच विचारलं, "आन तुजा फोटो?"

"काडायचा असंल तवा मी सांगीन," राहीबाई म्हणाल्या. "तोंडानं सांगीन."

परतीच्या रिक्षात राहीबाई आणि आप्पासो मागं, लालासाहेब ड्रायव्हरशेजारी. काचेला धक्का लागू नये म्हणून आप्पासोनं चौकट मांडीवर उभी धरली होती, तोंड बाहेर करून. गावाच्या स्टँडवर लालासाहेब चहापूड आणायला उतरले. तेवढ्यात कोंडीबा तिथनं चालला होता. लालासाहेबांचा शाळेपासूनचा सोबती. त्याला आधी रिक्षा दिसली, मग सोनेरी चौकट, मग चौकटीतले लालासाहेब, आणि शेजारी धुळीनं चुरचुरणारे डोळे पदरानं पुसत बसलेल्या राहीबाई.

कोंडीबानं डोक्यावरची टोपी काढली. 

"मावशी, कवा झालं?"

"आत्ताच की," राहीबाई म्हणाल्या. "तास झाला आसंल. मलकापुरात."

"आवं, सकाळी तर रिक्षात बसताना हात केला हुता मला! काय झालं एकाएकी?"

"काय न्हाई. उन्हात हुबा केला, म्हणलं हलू नगं. झालं."

कोंडीबानं रिक्षाच्या दांडीला धरलं. "तरास झाला का?"

"पयल्यांदा तोंड उगडंच पडलं हुतं," राहीबाई आठवून म्हणाल्या. "मग मिटलं."

"आप्पा, तू हुतास का जवळ?"

"शेजारीच हुतो," आप्पासो खिन्नपणे म्हणाला. फोटोतून आपल्याला कापल्याचं त्याच्या मनातून अजून गेलं नव्हतं. "मला बाजूला काडलं."

कोंडीबाला हुंदका आवरेना. त्यानं टोपीनंच डोळे पुसले आणि टोपी खाली घेतली, तर समोर चहापुडीचा पुडा हातात घेऊन लालासाहेब उभे.

"काय रं कोंडीबा, रडतोयस का?"

कोंडीबानं लालासाहेबांकडं बघितलं. चौकटीकडं बघितलं. पुन्हा लालासाहेबांकडं, मग राहीबाईंकडं, मग रिक्षावाल्याकडं, की ह्याला तरी काही ठाऊक असेल. रिक्षावाल्यानं खांदे उडवले. स्टँडवरची चार माणसं तोपर्यंत टोप्या काढून जवळ आली होती.

कोंडीबानं नाक ओढलं, टोपी झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.

"फोटो लय झ्याक आलाय," तो म्हणाला.